लेपर्ड गेकोचे पिल्लू घरी येण्याआधी

लेपर्ड गेको या ठिपकेदार पालीचे पिल्लू घरी आणायचे ठरले की बहुतेकांची पहिली खरेदी काचेची टाकी असते आणि किड्यांचा विचार पिल्लू आल्यावर सुरू होतो. माझ्या मते हा क्रम उलटा हवा. पिल्लाच्या वाढीचा पाया त्याने खाल्लेल्या किड्यात असतो, आणि तो किडा पचेल की नाही हे टाकीतील उष्णतेवर ठरते. त्यामुळे या दोन गोष्टींची तयारी पिल्लू येण्याच्या निदान दोन आठवडे आधी पूर्ण असावी.

त्याआधी कागदपत्रे. हा प्राणी मूळचा अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि वायव्य भारतातला असून त्याचा एक भाईबंद महाराष्ट्राच्या रानातही राहतो. रानात सापडलेला गेको उचलून आणणे हा मार्गच नव्हे. पिल्लू कोठे जन्मले याची लेखी माहिती विक्रेत्याकडून घ्यावी आणि ते पाळण्याविषयीचे सध्याचे नियम वन विभागाकडून समजून घ्यावेत. विक्रेत्याला आणखी तीन प्रश्न विचारावेत: पिल्लू सध्या कोणते किडे खाते, किती दिवसांनी खाते आणि शेवटची कात केव्हा टाकली. अंड्यातून बाहेर आलेले पिल्लू जेमतेम ३ ग्रॅमचे असते आणि पहिली कात टाकेपर्यंतचे तीन-चार दिवस शरीरात उरलेल्या बलकावर काढते, म्हणून काही आठवडे नियमित खाणारे पिल्लूच घ्यावे.

टाकी गरम बाजू आणि थंड बाजू अशी विभागलेली असावी. गरम बाजूला जमिनीचे तापमान ३१ ते ३३ अंश सेल्सिअस आणि थंड बाजूला साधारण २५ अंश राहील अशी व्यवस्था करावी, दोन्हीकडे लपण्याची जागा द्यावी आणि कात सहज निघावी म्हणून ओलसर टिश्यू घातलेली तिसरी लपणही ठेवावी. हीट मॅट, म्हणजे टाकीखालची विजेवर तापणारी चटई, थर्मोस्टॅटशिवाय (तापमान ठरलेल्या मर्यादेत ठेवणाऱ्या उपकरणाशिवाय) कधीही लावू नये, कारण ती अनियंत्रित तापली तर पिल्लाचे पोट भाजते. पुण्यात डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा १० अंशांच्या आसपास उतरतो आणि एप्रिल-मे महिन्यांत दुपारी ४० अंशांपर्यंत चढतो. म्हणजे एकाच घरात हिवाळ्यात ऊब टिकवायची आणि उन्हाळ्यात टाकी पश्चिमेच्या भिंतीपासून दूर न्यायची, अशी दोन्हींची तजवीज लागते. पिल्लू खात नाही असे दिसले तर किडा बदलण्यापूर्वी थर्मामीटर पाहावा, कारण गार पडलेल्या पिल्लाच्या पोटात अन्न तसेच पडून राहते. टाकीत वाळू घालू नये. किड्याबरोबर ती गिळली गेली तर आतडे तुंबू शकते, म्हणून पिल्लासाठी साधा टिश्यू पेपर सर्वांत बरा.

आता किडे. मीलवर्म, म्हणजे एका भुंग्याच्या अळ्या, घरी वाढवणे सर्वांत सोपे: गिरणीतून आणलेला गव्हाचा कोंडा, झाकणाला भोके पाडलेला पसरट डबा आणि ओलाव्यासाठी गाजराच्या चकत्या एवढ्यावर काम भागते. मुंग्यांपासून वाचवण्यासाठी डबा पाण्याच्या ताटात ठेवावा, लाडवांचा डबा ठेवतो तसा. मीलवर्मबरोबर रातकिडे किंवा दुबिया झुरळे यांची सोय असेल तर आहारात विविधता येते. (घरात मुद्दाम झुरळे आणण्याची कल्पना ज्येष्ठांना आधीच देऊन ठेवावी.) वॅक्सवर्म (मेणपतंगाच्या अळ्या) फार चरबीचे असतात, ते क्वचितच द्यावेत. किड्याची रुंदी पिल्लाच्या दोन डोळ्यांमधील अंतरापेक्षा जास्त नसावी, हे मोजमाप कायम लक्षात ठेवावे.

या किड्यांमध्ये कॅल्शियमपेक्षा फॉस्फरस कितीतरी जास्त असतो, आणि वाढत्या हाडांना याच्या उलट, कॅल्शियम फॉस्फरसच्या दीड ते दुप्पट हवे असते. ही तूट दोन प्रकारे भरून काढावी लागते. पहिला म्हणजे किड्यालाच खाऊ घालणे: देण्याच्या २४ ते ४८ तास आधी त्याला गाजर, मेथी आणि मंडईत सहज मिळणारा शेवग्याचा पाला स्वच्छ धुऊन द्यावा, पालक टाळावा, कारण त्यातील ऑक्झलेट कॅल्शियम बांधून ठेवते. दुसरा म्हणजे कॅल्शियमची भुकटी: छोट्या डब्यात किडे व चिमूटभर भुकटी घालून हलवावे आणि लगेच वाढावे, अन्यथा किडे ती झटकून टाकतात. साधे कॅल्शियम आणि डी३ जीवनसत्त्व असलेले कॅल्शियम हे दोन वेगळे डबे असावेत. डी३ कमी पडले तर हाडे मऊ होतात आणि अति झाले तरी अपाय होतो, तेव्हा कोणता डबा किती वेळा उघडायचा हे पशुवैद्याला विचारून टाकीवरच लिहून चिकटवावे. खिडकीच्या काचेतून येणाऱ्या उन्हावर विसंबू नये, कारण काच उपयोगी अतिनील किरण अडवते आणि टाकी मात्र तापवते.

पावसाळ्यात दिव्याभोवती जमणारे किडे फुकटचे म्हणून देण्याचा मोह होतो. त्यांच्यावर कीटकनाशक असू शकते, परजीवी असू शकतात. काजवे खाऊन पाळीव सरडे मेल्याच्याही नोंदी आहेत. घरात पेस्ट कंट्रोल करायचे असेल तर टाकी आणि किड्यांचा डबा दोन्ही आधी दुसरीकडे हलवावेत.

आल्यानंतर पहिला आठवडाभर पिल्लाला हाताळू नये. हा प्राणी तिन्हीसांजेला जागा होतो, तेव्हाच रोज पाच-सात किडे द्यावेत आणि पंधरा-वीस मिनिटांत न खाल्लेले रातकिडे काढून घ्यावेत, कारण रात्री तेच पिल्लाला चावतात. उथळ वाटीतले पाणी रोज बदलावे. दोन पिल्ले एकत्र ठेवू नयेत. दांडगे पिल्लू दुसऱ्याचा घास आणि कधी शेपटीही तोडते. टाकीला हात लावल्यावर साबणाने हात धुवावेत, कारण सरपटणाऱ्या प्राण्यांकडून साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जीवाणू येऊ शकतो.

शेवटी वही आणि ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा डिजिटल काटा. दर आठवड्याला एकाच वेळी वजन, खाल्लेल्या किड्यांची संख्या, विष्ठा आणि कात यांची नोंद करावी. शेपटी हा चरबीचा साठा असतो, त्यामुळे ती बारीक होऊ लागणे, जबडा मऊ लागणे, पाय वाकणे किंवा थरथरणे यांपैकी काहीही दिसले तर वाट पाहू नये. सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणारे पशुवैद्य पुण्यातही मोजकेच आहेत. त्यांचा पत्ता व वेळ आधीच शोधून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावी आणि पहिल्या भेटीला ताज्या विष्ठेचा नमुना सोबत न्यावा.