रामसेंचे भुताचे पिच्चर बघताय, त्यावर लिहिताय? मग या चुका टाळा

गणपतीत जागरणाला आमच्या आळीत व्हीसीआर भाड्याने यायचा, रात्रीत तीन कॅसेट, पहिली देवाधर्माची, दुसरी मारामारीची आणि तिसरी, पोरं झोपली असं मोठ्यांना वाटायचं तेव्हा, भुताची. 'पुराना मंदिर' मी पहिल्यांदा असाच पाहिला, गोधडीच्या फटीतून, आणि तेव्हापासून रामसे बंधूंचे पिच्चर मी मनापासून बघत आलोय, आणि काही वर्षांपासून त्यावर लिहितोही. हल्ली बरीच तरुण पोरं हे पिच्चर शोधून शोधून बघायला लागलीयत याचा खूप आनंद वाटतो, पण त्यांचे रिव्ह्यू वाचले की त्याच त्याच चुका दिसतात, काही बघण्यातल्या, काही लिहिण्यातल्या, आणि त्यातल्या काही मी स्वतः केल्यात म्हणून जरा सविस्तर लिहितो.

हसायचं ठरवूनच बसणं

ही सगळ्यात जास्त होणारी चूक. चार मित्र जमवायचे, "चला जरा टाइमपास, रबरी मुखवटेवाला पिच्चर लावू" म्हणायचं, आणि पहिल्या मिनिटापासून प्रत्येक सीनवर कॉमेंट्री. मग भीती वाटणार कशी? भीतीला शांतता लागते. मी तर म्हणेन पहिल्यांदा एकट्याने बघा, रात्री बघा, लाइट बंद करून बघा, आणि मित्रांना दुसऱ्या वेळी बोलवा. हसू येईलच मधेमधे, येऊ द्या, पण आधी पिच्चरला त्याचं काम करू द्या की.

पैसे किती होते ते न बघता तुलना करणं

"आजच्या व्हीएफएक्सपुढे काहीच नाही" हे वाक्य प्लीज लिहू नका. ते आपल्या सगळ्यांना माहितीय. विचारायचा प्रश्न वेगळा आहे, की त्यांच्याकडे काय होतं आणि त्यातून त्यांनी काय उभं केलं.

थोडी माहिती घेऊन बसलात तर बघण्याची नजरच बदलते. वडील फतेहचंद रामसे फाळणीनंतर मुंबईत आले, लॅमिंग्टन रोडला त्यांचं रेडिओचं, इलेक्ट्रिकच्या सामानाचं दुकान होतं, आणि मुलगे सात. १९७० ला त्यांनी 'एक नन्ही मुन्नी लड़की थी' काढला तो पडला, पण थिएटरात तुलसी आणि श्याम यांच्या लक्षात आलं की लोक एका सीनसाठी परत येतायत, ज्यात पृथ्वीराज कपूर राक्षसाचा मुखवटा घालून म्युझियममध्ये चोरी करायला जातो आणि पोलिसांच्या गोळ्यांचा त्याच्यावर काही परिणाम होत नाही. पोरांनी वडिलांना म्हटलं, मग पूर्ण पिच्चरच असा करू. भाऊ सिनेमॅटोग्राफीचं एक इंग्रजी पुस्तक घेऊन काश्मीरला हाऊसबोटवर अभ्यासाला बसले, आणि १९७२ ला आला 'दो गज़ ज़मीन के नीचे', साडेतीन लाखांच्या आसपास बजेट, शूटिंग आपल्या महाबळेश्वरला सरकारी गेस्ट हाऊसमध्ये. सगळं घर कामाला. कुमार लिहिणार, तुलसी आणि श्याम डायरेक्शन, गंगू कॅमेरा, किरण साउंड, अर्जुन एडिटिंग, केशू प्रॉडक्शनकडे. बाहेरून माणूस घ्यायचा म्हणजे पैसे, म्हणून प्रत्येक भावाने एकेक काम शिकून घेतलं, हे मला आजही फार मोठं वाटतं.

आता हे डोक्यात ठेवून 'पुराना मंदिर' (१९८४) बघा. सामरी नावाच्या राक्षसाला सुरुवातीलाच राजाची माणसं पकडतात, मुंडकं आणि धड वेगळं करतात, मुंडकं पेटीत घालून हवेलीत ठेवतात आणि धड जुन्या देवळामागे पुरतात, आणि मरता मरता सामरी शाप देतो की या घराण्यातली प्रत्येक बाई बाळंतपणात मरेल. म्हणजे त्यानंतर पिच्चरचा मोठा भाग आपण राक्षसाला नाही, एका पेटीला घाबरत असतो! पेटीला मेकअप लागत नाही, तिला पैसे द्यावे लागत नाहीत, तिच्याकडे कॅमेरा नुसता वळला तरी पोटात गोळा येतो. शिवाय शाप बाळंतपणाचा, म्हणजे घरातल्या प्रत्येक बाईला कळणारी भीती. हे कमी पैशातलं अफलातून डोकं आहे आणि रिव्ह्यूमध्ये यायला हवं ते हे, मुखवट्याचा जोड मानेपाशी दिसला ते नाही.

"ड्रॅक्युलाची कॉपी" म्हणून मोकळं होणं

'बंद दरवाज़ा' (१९९०) वर हे हमखास लिहिलेलं असतं. त्यातला राक्षस नेवला ड्रॅक्युलासारखा आहेच, वटवाघूळ आहे, रक्त पिणं आहे, इंग्लंडच्या हॅमर कंपनीच्या पिच्चरांचा प्रभाव उघड दिसतो. पण तिथेच थांबलात तर पिच्चरचा गाभा सुटला. ठाकुराच्या बायकोला मूल होत नाही, ती नेवला राहतो त्या काळ्या पहाडीवर जाते, आणि सौदा असा ठरतो की मुलगा झाला तर तुझा, मुलगी झाली तर नेवलाची. हा नवस आहे हो! नवस बोलायचा आणि फेडायची वेळ आली की हात मागे घ्यायचा, याची धास्ती आपल्या घराघरात ऐकलेली असते, ती विलायती ड्रॅक्युलात कुठून येणार. कॉपी शोधण्याआधी बदल काय केला ते शोधा, मला तरी सगळी मजा तिथेच सापडते.

प्रिंटचा दोष पिच्चरच्या माथी मारणं

ही मी केलेली चूक. सुरुवातीला एका पिच्चरवर मी लिहिलं होतं की एडिटिंग विस्कळीत आहे, एक पात्र अचानक गायब होतं. नंतर दुसरा प्रिंट मिळाला तर तो जवळजवळ वीस मिनिटं मोठा निघाला आणि त्या पात्राचा मृत्यू त्यात व्यवस्थित होता. मी जो बघितला तो कुणीतरी कापून चढवलेला होता. ते लिहिलेलं मी बदललं, पण तोवर कितीतरी जणांनी वाचलेलं, याचं वाईट वाटतं.

म्हणून लिहायच्या आधी पिच्चरची मूळ लांबी तपासा. 'पुराना मंदिर' जवळजवळ अडीच तासांचा आहे, तुमच्याकडचा पावणेदोन तासात संपला तर समजून जा. चेहरे पसरट, माणसं बुटकी दिसतायत? जुन्या कॅसेटवरून आलेला चौकोनी प्रिंट टीव्हीने ताणलाय, स्क्रीनच्या सेटिंगमध्ये जाऊन मूळ आकार करा. रात्रीचे सीन नुसते काळे डबके दिसतायत? ब्राइटनेस एकदम वाढवू नका, सगळं राखाडी होतं आणि रामसेंचे ते निळे लाल हिरवे लाइट धुऊन निघतात, त्याऐवजी टीव्ही सिनेमा मोडवर टाका आणि खोलीतला लाइट बंद करा. सगळं सिरियलसारखं गुळगुळीत हलतंय? नव्या टीव्हींमध्ये हालचाल स्मूथ करणारी सेटिंग असते, ती बंद. आणि आवाज मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका राव, वारा, दाराची कुरकुर, लांबून येणारी कुत्र्याची रड, अर्धा पिच्चर आवाजात आहे. बरे प्रिंट हवे असतील तर मोंडो माकाब्रो नावाच्या परदेशी कंपनीने रामसेंचे काही पिच्चर डिस्कवर काढलेत, त्यात रंग बघितले तर माणूस चाट पडतो.

याच भानगडीत 'सामरी' (१९८५) बऱ्याच जणांना कळत नाही. माणसं सारखी काहीतरी कॅमेऱ्याच्या नाकाशी का आणतात? अरे, तो थ्री-डी पिच्चर होता! थिएटरात चष्मा लावून बघायचा. साध्या स्क्रीनवर ते विचित्र वाटणारच, रिव्ह्यूत हे एक वाक्य टाकलं तरी पुढच्याचा गोंधळ वाचतो.

परदेशी पिच्चरांनाही हे प्रिंटचं लागू आहे. जॉर्ज रोमेरोचा १९६८ चा 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' पिट्सबर्गच्या आसपास, साधारण १ लाख १४ हजार डॉलरमध्ये झाला, आणि नाव बदलताना टायटलवरची कॉपीराइटची ओळ राहून गेली म्हणून तो अमेरिकेत सगळ्यांसाठी मोकळा झाला. त्यामुळे नेटवर त्याच्या वाट्टेल तेवढ्या कॉप्या आहेत, त्यातल्या बऱ्याच घाण, काही तर नंतर रंगवलेल्या. ब्लॅक अँड व्हाइट, नीट साफ केलेलाच शोधा.

कॉमेडी आली की पुढे ढकलणं

'पुराना मंदिर' मध्ये जगदीपचा मच्छर सिंग येतो आणि मध्येच 'शोले'ची नक्कल सुरू होते, तर लोक फॉरवर्ड करतात. मला ते सगळं आवडतंच असं नाही, पण तिकीट काढून येणाऱ्याला एकाच खेळात गाणी, हाणामारी, हसू आणि भूत असं सगळं हवं असायचं. आणि हसून सैलावलेला माणूस पुढच्या दचक्याला जास्त घाबरतो, हे एकदा फॉरवर्ड न करता बघून अनुभवा.

असंच अर्ध्यावर सोडून देणं. जपानचा 'वन कट ऑफ द डेड' (२०१७), तीस लाख येनच्या आसपासचा, पहिली ३७ मिनिटं एकाच शॉटमध्ये आणि जरा गचाळ वाटतात, तिथे बंद करणारे खूप. बंद करू नका, एवढंच सांगतो, पुढचं सांगितलं तर पाप लागेल.

लिहिण्यातल्या बाकी चुका पटापट. प्रत्येक स्वस्त हिंदी भूतपट रामसेंच्या नावावर टाकू नका, 'जानी दुश्मन' (१९७९) राजकुमार कोहलींचा आहे आणि 'खूनी महल' मोहन भाकरींचा, नावं वाचून घ्या. सामरी आणि नेवला करणारे अनिरुद्ध अगरवाल कुठेकुठे अजय अगरवाल नावाने दिसतात, माणूस तोच, रुडकीचा सिव्हिल इंजिनियर. पूर्ण गोष्ट शेवटासकट सांगून टाकणं बंद करा. आणि 'वीराना' (१९८८) वर लिहिताना अर्धा लेख "त्यातली नटी जास्मिन आता कुठे आहे" या अफवांवर घालवू नका, ती बाई तिच्या मर्जीने लांब राहिली असेल, तिचं काम पडद्यावर आहे, त्या डोळ्यांवर लिहा, त्या बाथटबच्या सीनपेक्षा ती गप्प उभी असते तेव्हा जास्त भीती का वाटते त्यावर लिहा.

बघताना शेजारी वही ठेवा. कुठल्या मिनिटाला दचकलात, त्याच्या आधी आवाज होता की शांतता, लाइट कुठून येत होता, एवढंच टिपा, सकाळी रिव्ह्यू अर्धा लिहून झालेला असतो.

आणि भीती वाटतच नाही, असं झालं तर?

हे मला बरेच जण विचारतात. आधी वरचं सगळं करून बघा, रात्र, अंधार, बरा प्रिंट, बरा आवाज, फोन दुसऱ्या खोलीत. सुरुवात 'दो गज़ ज़मीन के नीचे' ने करू नका, तो सावकाश जातो, आधी 'पुराना मंदिर', मग 'वीराना', मग 'बंद दरवाज़ा', आणि मग १९७२ कडे मागे जा. एका रात्री एकच. दिवसाउजेडीची भीती हवी असेल तर मराठीत विशाल फुरियाचा 'लपाछपी' (२०१७) बघा, भर उन्हातला ऊस बघून अंगावर काटा येतो, पुढे त्यानेच तो हिंदीत 'छोरी' म्हणून केला. एवढं करूनही नाहीच वाटली भीती तर तसं सरळ लिहा, पण कुठल्या सीनला वाटायला हवी होती आणि तिथे नेमकं काय कमी पडलं ते लिहा, मी तो रिव्ह्यू पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचेन आणि तो सीन त्याच रात्री परत लावून बघेन.