भाजीपाल्यावरील कोळी : हवामान पाहून ओळख व उपाय

वांगी, भेंडी आणि काकडीवर येणारा लाल कोळी (पानांतला रस शोषणारी अतिसूक्ष्म कीड, जाळे विणणारा नेहमीचा कोळी नव्हे) हा कोरड्या उन्हाळ्याचा रहिवासी आहे. तापमान 30 अंश सेल्सिअसच्या आसपास असताना अंड्यापासून प्रौढापर्यंतची वाढ साधारण आठ ते दहा दिवसांत पूर्ण होते, आणि हवेत दमटपणा कमी असला की पिढ्यांवर पिढ्या चढून पानाखाली जाळी दिसू लागते. म्हणून फेब्रुवारी ते मे या काळात आठवड्यातून दोनदा पानांची खालची बाजू भिंगाने तपासावी. वरून पांढुरके ठिपके ठळक दिसेपर्यंत थांबणे महागात पडते. धुळीच्या रस्त्याकडेच्या ओळी आधी पाहाव्यात.

जोरदार पावसाने लाल कोळी धुतला जातो. मिरचीवरील पिवळ्या कोळ्याचे मात्र वेगळे आहे: उबदार, दमट, ढगाळ हवा त्याला मानवते आणि कोवळी पाने खाली वळून अरुंद होतात. फुलकिडे (थ्रिप्स) या दुसऱ्या रस शोषणाऱ्या किडीमुळे मात्र मिरचीची पाने वर वळतात. हा फरक न पाहता फवारणी केल्यास खर्च वाया जातो.

उन्हाळ्यात पिकाला पाण्याचा ताण पडू देऊ नये. गंधक उपयोगी असले, तरी कडक उन्हात त्याने पाने करपतात आणि काकडीवर्गीय वेलींना ते विशेष बाधते, म्हणून वेलींवर ते टाळावे व इतर पिकांवर हवा थंड असतानाच, पानांच्या खालच्या बाजूपर्यंत पोहोचेल असे फवारावे. सिंथेटिक पायरेथ्रॉइड या गटातील कीटकनाशकांच्या वारंवार फवारण्या कटाक्षाने टाळाव्यात, कारण त्यांनी परभक्षी कोळी (किडीच्या कोळ्यांना खाणारे उपयुक्त कोळी) मरतात आणि किडीचा उद्रेक वाढतो.