अमेरिकेत मूठभर कट्टर लोक अख्खा पक्ष कसा वळवतात ते बघायचंय? मग नोव्हेंबर सोडा

दर चार वर्षांनी आपल्याकडे लोकलमध्ये ट्रम्पवर भांडणं होतात पण नोव्हेंबरच्या मुख्य निवडणुकीपर्यंत खरा खेळ संपलेला असतो, तो बघायचा तर प्रायमरी बघा, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवायची आधीची निवडणूक.

आपल्याकडे पक्ष एबी फॉर्म देईल तो उमेदवार, बाकीचे नाराज नाहीतर बंडखोर. तिकडे तिकीट मतदारच ठरवतात, आणि प्रायमरीला मुळात येतात कमी आणि जे येतात ते जास्त कडवे. २०१४ चं व्हर्जिनिया घ्या, एरिक कँटर म्हणजे हाऊसमधला (आपल्या लोकसभेसारखं सभागृह) रिपब्लिकन नंबर दोन, पैसा भरपूर, आणि त्याला पाडलं कुणी तर डेव्ह ब्रॅट नावाच्या कॉलेजातल्या प्रोफेसरने, इमिग्रेशनला विरोध आणि टी पार्टीवाल्यांची (रिपब्लिकनांमधला कट्टर गट) हवा घेऊन. मतं पडली जेमतेम ६५ हजार, त्याच मतदारसंघात २०१२ च्या नोव्हेंबरात पावणेचार लाखांवर पडलेली! सीनेटने (वरचं सभागृह) ६८-३२ ने पास केलेलं, स्थलांतरितांना सवलत देणारं इमिग्रेशन बिल त्यानंतर हाऊसमध्ये मतदानाला आलंच नाही. म्हणजे पडला एक, घाबरले सगळे. म्हणून कट्टर गटाचे किती निवडून आले हे मोजत बसू नका, बाकीच्यांनी कुठला विषय गुपचूप सोडला ते बघा.

दुसरं, बहुमत किती काठावर आहे ते बघा. २०२३ मध्ये हाऊसमध्ये रिपब्लिकन होते २२२, बहुमताला लागतात २१८, मग त्यांचा नेता मॅकार्थीला स्पीकर म्हणजे सभागृहाचा अध्यक्ष व्हायला १५ फेऱ्या लागल्या आणि एकटा मेंबरसुद्धा हटवायचा ठराव आणू शकेल हे कबूल करावं लागलं. ऑक्टोबरात त्याच नियमाने गेला, स्वतःच्या पक्षाचे फक्त ८ फुटले. बहुमत दणदणीत असतं तर या आठांना कुणी विचारलंही नसतं.

आणि कट्टर हरले म्हणजे संपले असं धरू नका हां, रिपब्लिकनांचा कट्टर उमेदवार गोल्डवॉटर १९६४ च्या प्रेसिडेंटच्या निवडणुकीत फक्त ६ राज्यं जिंकला, पण त्याच्या प्रचारात भाषण देऊन पुढे आलेला रेगन १९८० ला प्रेसिडेंट झाला.

मिडटर्मच्या वर्षी (प्रेसिडेंटच्या दोन निवडणुकांच्या मधली निवडणूक) प्रायमऱ्या साधारण मार्चपासून सप्टेंबरपर्यंत चालतात. व्हर्जिनियात सहसा जूनमध्ये असते, मतदान तिथल्या संध्याकाळी ७ ला संपतं म्हणजे आपले पहाटेचे साडेचार, सहाच्या लोकलपर्यंत बऱ्यापैकी चित्र कळतं. कोण जिंकला ते नंतर, आधी एकूण मतं किती पडली तो आकडा बघा.