लाकूड पोखरणाऱ्या भुंगेऱ्यांचे क्लोजअप काढताय? आधी लाईटचं बघा

लेन्स कुठली घेऊ हे सगळे विचारतात, पण भुंगेऱ्याची पाठ असते चकचकीत, फ्लॅश थेट मारला की पाठीवर पांढरा डाग पडतो आणि खालचे बारीक खड्डे, केस सगळं गायब. त्यामुळे डिफ्यूझर (फ्लॅशचा उजेड पसरवून सौम्य करणारा पडदा) हवाच, आणि तो जमेल तेवढा मोठा आणि किड्याच्या जमेल तेवढा जवळ, ट्रेसिंग पेपरचा घरी केलेलाही चालतो. ज्वेल बीटलला (हा चमकदार रंगाचा भुंगेरा) तर जास्तच जपा, त्याचा हिरवा-तांबूस रंग पंखांच्या सूक्ष्म थरांवरून उजेड परावर्तित होऊन दिसतो, म्हणजे लाईटचा अँगल बदलला की रंगही बदलतो.

लेन्स १:१ वाली (सेन्सरवर किडा खऱ्या आकाराएवढा उमटवणारी), ९०-१०० एमएमची पुरे. अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ ८ ते ११ ठेवा, त्याहून बंद करू नका, कारण १:१ ला एफ ११ म्हणजे प्रत्यक्षात एफ २२ च्या आसपास जातं आणि फोटो मऊ पडतो, बारकावे पुसट होतात. एवढं करून फोकसमध्ये येतो जेमतेम एक मिलीमीटरचा पट्टा, म्हणून थोडं थोडं पुढे सरकत २०-३० फोटो काढायचे आणि नंतर स्टॅक करायचे, म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये जोडून एकच फोटो करायचा. पण त्यासाठी भुंगेरा हलायला नको ना! मग पहाटे जा, गारठ्यात तो सुस्त असतो. फ्रीजमध्ये वगैरे ठेवू नका राव, मला तरी ते पटत नाही.

आता फोकस कुठे धरायचा? लाँगहॉर्न (लांब मिशांचा भुंगेरा) असेल तर डोळ्यावर. याचा डोळा गोल नसतो, मिशीच्या बुडाला वळसा घालून किडनीसारखा वाकलेला असतो, काही जातींत तर त्याचे चक्क दोन तुकडे झालेले असतात. समोरून घेताना जबडे सोडू नका, सालीतून बाहेर पडायचं हत्यार तेच. आणि पाय! वरवर मोजलात तर पावलाला चारच पेरं दिसतात, खरं तर पाच असतात, पण चौथं इवलंसं, तिसऱ्या रुंद पेराच्या खाचेत लपलेलं, ते फोटोत धरायला बाजूने खाली वाकून घ्यावं लागतं, मला बऱ्याच खटपटीनंतर एकदाच नीट मिळालंय.

सापडणार कुठे, तर नुकत्याच पडलेल्या ओंडक्यांवर. भोकंही बघा, इंग्रजी डी अक्षरासारखं भोक ज्वेल बीटलच्या जातभाईंचं, गोल किंवा लंबगोल बहुतेक लाँगहॉर्नचं. टाचणीच्या डोक्याएवढी भोकं आणि खाली पिठासारखा मऊ भुसा असेल तर पावडरपोस्ट (लाकडाचं पीठ करणारा भुंगेरा), पण तो अगदीच बारका, १:१ ला फ्रेममध्ये ठिपक्यासारखा दिसतो, त्याला एक्स्टेन्शन ट्यूब (कॅमेरा आणि लेन्सच्या मध्ये बसवायची पोकळ नळी) किंवा २:१ ची, म्हणजे दुप्पट मोठं दाखवणारी लेन्स लागेल.

आणि हो, लाँगहॉर्न हातात घेतलात तर बऱ्याच जाती चिरचिर आवाज करतात. घाबरून सोडून देऊ नका, तो मान वरखाली करून आतली खरबरीत पट्टी घासत असतो, तेव्हा फोटो राहू द्या आणि पटकन व्हिडिओ सुरू करा. बोट मात्र जबड्यापासून लांब, कडकडून चावतो.