अटॅकनंतरचे सहा आठवडे: धुरा ओला असताना

दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यात माझं मेडिकल आहे. मागच्या दिवाळीत मोठ्या भावाला अटॅक आला. नागपूरला रक्तवाहिनीत स्टेंट (जाळीची बारीक नळी) टाकून पाचव्या दिवशी घरी आणलं. सहाव्या दिवशी तो म्हणाला, "मले गुडघा लय दुखते, एक गोळी दे न." मी डायक्लोफेनॅक काढून त्याच्या हातावर ठेवली. वीस वर्षं गोळ्या विकतो मी! पुढच्या तपासणीत डॉक्टरांनी चांगलं झापलं, तेव्हा कुठं कळलं.

रक्त अडलं की हृदयाच्या स्नायूचा तुकडा मरतो आणि तो पुन्हा उगवत नाही. काही तासांतच न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी तिथं उतरतात, पऱ्हाटी उपटायला टोळी उतरते तशा. मागोमाग अस्थिमज्जेतून आणि प्लीहेतून मोनोसाइट या दुसऱ्या पांढऱ्या पेशी येतात, त्यांच्याच पुढं मॅक्रोफेज, म्हणजे मोठ्या खादाड पेशी, होतात. आधी या पेशी मेलेलं खाऊन जागा साफ करतात. चार-पाच दिवसांनी त्यांचा नूर पालटतो आणि त्या कोलॅजनचा, म्हणजे चिवट धाग्यांचा, व्रण भरून घ्यायच्या मागं लागतात. फुटलेल्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, नवी माती पडते तसंच हे, पण पहिल्या आठवड्यात ती ओलीच असते. पक्की व्हायला सहा ते आठ आठवडे जातात.

पेशींची ही गर्दी म्हणजेच सूज, आणि ही सूज म्हणजे कामावर आलेली माणसं. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन घेतलं की त्यांना मध्येच घरी पाठवल्यासारखं होतं. शिवाय या गोळ्यांनी पुन्हा अटॅकचा आणि रक्तस्रावाचा धोका वाढतो. दुखलं तर डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉल घ्या. ७५ मिलिग्रॅमची अ‍ॅस्पिरिन मात्र बंद करू नका. एवढ्या डोसात ती सुजेसाठी नसते, रक्ताची गाठ होऊ नये म्हणून असते. दुसरी रक्त पातळ करणारी गोळी बहुतेकांना वर्षभर असते. "आता बरं वाटते" म्हणून ती सोडली तर स्टेंटच बंद पडू शकतो.

रॅमिप्रिल ही बीपीची गोळी चालू असेल तर तिनं हृदयाच्या भिंतीवरचा ताण कमी होतो आणि हृदय फुगायचा धोका कमी होतो. पण काहींना कोरडा खोकला लागतो. आमची वहिनी ती गोळी गुपचूप सुपारीच्या डब्यात जमा करत होती, अकरा सापडल्या. खोकला आला तर डॉक्टरांना सांगा, ते गोळी बदलून देतात.

आता कळलावीची गोष्ट. कोल्चिसिन हे गाउटचं (सांधे सुजायच्या एका आजाराचं) जुनं औषध अटॅकनंतर सूज आवरायला वापरून पाहिलं गेलं. २०१९च्या ४७४५ रुग्णांच्या चाचणीत थोडा फायदा दिसला, २०२४च्या त्याहून मोठ्या चाचणीत दिसला नाही. हेच द्रव्य कळलावीच्या वेलीत असतं. कुणीतरी व्हिडिओ पाहून बांधावरचा तो कंद उकरायला निघालं होतं. अरे बाबा, तो कंद जीवघेणा विषारी आहे! डॉक्टरांनी लिहून दिलं तरच गोळी घ्यायची, नाहीतर नाही.

रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, काही खायच्या आधी, वजन करा. आम्ही कापसाच्या काट्यावर करायचो. तीन दिवसांत दोन किलो वाढलं, पाय सुजले किंवा रात्री उशी उंच घ्यावी लागली, तर लगेच फोन करा. सहा आठवडे फवारणीचा भरलेला पंप पाठीवर नको, पोतं नको. चालणं पाच मिनिटांपासून हळूहळू वाढवा. छातीत दुखलं तर सॉर्बिट्रेट (रक्तवाहिन्या सैल करणारी गोळी) जिभेखाली ठेवा, पण बसून. उभ्यानं चक्कर येते. आणि लगेच १०८ लावा.

सहा आठवड्यांनी इको (हृदयाची सोनोग्राफी) केला. भाऊ आता वखर धरत नाही, पण तुरीच्या शेंगा तोडायला येतो.