बेकरीचा काउंटर आणि कोल्हापूरचे घड्याळ: नव्याने या धंद्यात येणाऱ्यांसाठी

बेकरीचा अभ्यासक्रम पूर्ण करून दुकान काढू पाहणाऱ्या तरुणांना माल कसा करावा हे बहुधा चांगले ठाऊक असते. तो कोणत्या वेळी, कोणत्या फळीवर आणि कोणाच्या नजरेसमोर ठेवावा, याचा विचार मात्र त्यांनी फारसा केलेला नसतो. कोल्हापुरातील एका बेकरीत मी आधी गल्ल्यावर बसत होतो आणि पुढे मांडणी व ऑर्डरी सांभाळू लागलो. त्या कामातून माझे मत असे बनले की आपल्याकडच्या बेकरीचे मार्केटिंग जाहिरातीत कमी आणि घड्याळात व पंचांगात अधिक असते.

सकाळचेच पाहा. कोल्हापूरची मिसळ पावाबरोबर नव्हे, तर स्लाइस ब्रेडबरोबर खाल्ली जाते. त्यामुळे मिसळवाल्यांचा रोजचा घाऊक माल हा एक भाग झाला, आणि रविवारी घरी मिसळीचा कट, म्हणजे तिखट रस्सा, करणाऱ्या किंवा डब्यातून मिसळ आणणाऱ्या कुटुंबांची किरकोळ खरेदी हा दुसरा. या गिऱ्हाइकाला घाई असते. त्याला केकच्या काचेसमोरून फिरवण्यात काही अर्थ नाही. ब्रेड गल्ल्याच्या अगदी जवळ, पुड्यावरची तारीख समोर येईल असा रचावा आणि सुटे पैसे आधीच मोजून ठेवावेत. मिसळीसाठी स्लाइस थोडी जाड लागते, कारण पातळ स्लाइस रश्श्यात बुडवताच तुटते. जाड स्लाइसचा पुडा वेगळा ठेवून त्यावर ‘मिसळीसाठी’ एवढे लिहिले तरी तो आपोआप उचलला जातो. त्याच वेळी चहासोबतचे टोस्ट, बटर आणि खारी हाताशी असावी. उन्हे वर आली की ब्रेड खालच्या फळीवर न्यावा. संध्याकाळी शाळा-कॉलेजे आणि क्लास सुटण्याच्या सुमारास पॅटिस, क्रीम रोल आणि पेस्ट्री पुढे याव्यात. एकच काउंटर दिवसातून दोनदा नव्याने लावणे कारागिरांना आणि मालकांनाही सुरुवातीला खटाटोप वाटतो, पण एकाच मांडणीवर दिवस काढणारे दुकान अर्धा वेळ चुकीचा माल दाखवत असते, असे मला वाटते.

जागा बदलली की हे घड्याळही बदलते. महाद्वार रोडच्या परिसरात अंबाबाईच्या दर्शनाला आलेला परगावचा माणूस दिवसभर असतो आणि त्याला प्रवासात टिकणारे, बॅगेत न चुरडणारे असे काहीतरी हवे असते. राजारामपुरीत वाढदिवसाचे केक आणि संध्याकाळचे खाणे चालते, तर गोकुळ शिरगाव किंवा शिरोलीच्या रस्त्यावर कारखान्यांच्या पाळ्यांप्रमाणे पाव आणि बन लागतात. दुकानाची जागा पक्की करण्याआधी त्या रस्त्यावर वेगवेगळ्या वेळी उभे राहून कोण जाते-येते हे पाहावे. कोणत्याही सल्लागाराच्या अहवालापेक्षा मी याला अधिक मोल देतो.

मांडणीचे काही नियम मात्र सगळीकडे सारखेच लागू पडतात. अर्धवट रिकामा ट्रे कधीही समोर ठेवू नये, कारण उरलेले चार क्रीम रोल कितीही ताजे असले तरी ते शिळेच दिसतात. माल कमी झाला की तो लहान ट्रेमध्ये घ्यावा आणि मोकळी झालेली जागा बरण्यांनी भरावी. डोळ्यांच्या उंचीवर ज्या पदार्थात नफा अधिक आहे तो असावा, आणि मुलांच्या उंचीवर मुलांचे पदार्थ असावेत. पिवळसर उबदार प्रकाशात भाजलेला माल खुलतो, तर पांढऱ्याशुभ्र ट्यूबलाइटखाली तोच माल फिका पडतो. भाव ठळक मराठी आकड्यांत प्रत्येक ट्रेवर लिहिलेला असावा. काचेचा दरवाजा आणि वातानुकूलन असलेल्या नव्या दुकानात भाव न दिसल्यामुळे, विचारण्याचा संकोच वाटून परत फिरणारे लोक आपल्या शहरात पुष्कळ आहेत. आणखी एक गोष्ट म्हणजे ब्रेड कधीही फ्रिजमध्ये ठेवू नये. थंडाव्यात त्यातील स्टार्च लवकर घट्ट होतो आणि ब्रेड बाहेर ठेवला असता त्याहून आधी कडक लागतो. गिऱ्हाइकालाही हे सांगावे. अशा सांगण्याने विश्वास वाढतो.

आता पंचांगाकडे वळू. सोमवार, गुरुवार, चतुर्थी आणि संपूर्ण श्रावण या काळात अंड्याच्या केकची मागणी उतरते, आणि जिल्ह्यात जैन समाज मोठ्या संख्येने असल्यामुळे अंडेविरहित मालाला वर्षभर गिऱ्हाईक असते. लेबलच्या नियमांत अंडे मांसाहारात धरले जाते, हे नवख्यांना अनेकदा माहीत नसते. म्हणून नुसती ‘एगलेस’ची पाटी पुरेशी नाही. काच वेगळी, चिमटा वेगळा, सुरी वेगळी, आणि शक्य असेल तर भाजण्याची वेळही वेगळी हवी, आणि हे वेगळेपण गिऱ्हाइकाला उभ्या जागेवरून दिसले पाहिजे. एखाद्या कुटुंबाने एकदा खात्री करून घेतली की त्यांचे वाढदिवस, बारसे आणि मुंज सगळे आपल्याकडेच येते.

जुलै-ऑगस्टच्या पावसात खारी आणि टोस्ट हवेतील ओल शोषून मऊ पडतात. त्या दोन महिन्यांत मोठे पुडे बंद करून हवाबंद लहान पुडे ठेवावेत आणि उघडी खारी फक्त झाकणाच्या बरणीतूनच विकावी. नवरात्रात परगावच्या भाविकांची गर्दी असते. नानकटाईचा देखणा खोका त्यांच्यासाठीच आहे. त्यात कोल्हापुरी गुळाची नानकटाई ठेवता येते, कारण या गुळाला 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे आणि त्याचे नाव बाहेरही माहीत आहे. मात्र खोक्यावर ते नाव छापायचे तर आत गूळही तोच हवा.

दिवाळीआधी घरचा रवा, मैदा, तूप आणि साखर घेऊन भट्टीवर नानकटाई भाजून नेण्याची जुनी पद्धत अजून पूर्ण सरलेली नाही. बरेच नवे दुकानदार या कामाला कटकट समजून नकार देतात, आणि मला ते अजिबात पटत नाही. भाजणावळ थोडीच मिळते हे खरे, पण डबा घेऊन तासभर थांबलेल्या बाई दुकानातील प्रत्येक फळी निवांतपणे न्याहाळतात. एवढा वेळ देणारे गिऱ्हाईक कोणत्याही जाहिरातीने मिळत नाही. त्यांना वेळ ठरवून द्यावी, डब्यावर नाव लिहावे, बसायला खुर्ची द्यावी आणि चाखायला एक नवा पदार्थ द्यावा.

कागदपत्रांबाबत थोडक्यात सांगतो. अन्नसुरक्षा परवान्याचा क्रमांक बिलावर छापणे 1 जानेवारी 2022 पासून बंधनकारक आहे. त्याच वर्षापासून तेल-तुपातील ट्रान्स फॅटची (आरोग्याला अपायकारक स्निग्धांशाची) मर्यादा 2 टक्क्यांवर आली, त्यामुळे वनस्पती तूप घेताना पुरवठादाराकडून तसे लेखी मागावे. दुकानाच्या पाटीवर मराठी देवनागरी अक्षरे इतर लिपीपेक्षा लहान नसावीत. केक, पेस्ट्री आणि बिस्किटांवरील जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून 18 टक्क्यांवरून 5 टक्के झाला; जुना भावफलक तसाच राहिला असेल तर तो तपासावा.

रात्रीच्या सवलतीविषयी मी सावध आहे. रोज ठरावीक वेळेनंतर निम्म्या भावाची पाटी लावली की नेहमीचे गिऱ्हाईक त्याच वेळी येऊ लागते आणि संध्याकाळची पूर्ण भावाची विक्री घटते. त्यापेक्षा दुसऱ्या दिवशी माल कमी करावा, आणि उरलेल्या चांगल्या ब्रेडचे टोस्ट किंवा चुरा करावा. क्रीमच्या मालाला हा मार्ग नाही, म्हणून तो थोडाच करावा.

मोबाइलवरील प्रसिद्धीत मला दोनच गोष्टी खरोखर उपयोगी वाटल्या. एक म्हणजे नकाशावरील दुकानाच्या नोंदीत वेळ, सुटी आणि फोन क्रमांक अचूक असणे. दुसरी म्हणजे भट्टीतून माल निघताच व्हॉट्सॲप स्टेटसवर टाकलेले साधे छायाचित्र. फुटबॉलच्या हंगामात तालमींच्या, म्हणजे पेठापेठांतील मंडळांच्या, संघांचे रंग असलेले केक मागितले जातात, आणि सामना जिंकला की ऑर्डर तासाभरात हवी असते. त्यासाठी साधे स्पंज आणि दोन-तीन रंगांचे क्रीम तयार ठेवावे. ऑर्डर वहीत केकवर घालायचे नाव गिऱ्हाइकाच्याच हाताने लिहून घ्यावे, अंड्याचा की बिनअंड्याचा या रकान्यावर त्याची सही घ्यावी, आणि केक खोक्यात घालण्याआधी तोच रकाना पुन्हा वाचावा.