पीई 7 म्हणजे स्वस्त? बँकेचा शेअर घेण्याआधी हा भागाकार करा

बेळगावात एखाद्या सोसायटीचा भाग घेतला नाही असं घर विरळाच. तो भाग दर्शनी किमतीला घ्यायचा आणि त्याच किमतीला परत करायचा, म्हणून तिथे पीईचा प्रश्न येत नाही. पीई लागतो तो बाजारात रोज भाव बदलणाऱ्या बँकेला. उदाहरणार्थ, मंगळूरची 1924 सालची कर्नाटक बँक, किंवा 1943 साली कोल्हापुरात रत्नाकर म्हणून सुरू झालेली आरबीएल. खालचे आकडे मात्र यांच्यापैकी कुणाचेच नाहीत, हिशेबापुरते घेतलेत.

गणपत गल्लीतला गाळा समजा 60 लाखांना मिळतोय आणि वर्षाचं भाडं 3 लाख येतं. पैसे वसूल व्हायला 20 वर्षं. पीई म्हणजे हेच: शेअरचा भाव भागिले एका शेअरमागचा वर्षाचा नफा.

आधी गेल्या चार तिमाह्यांचा निव्वळ नफा एकत्र करा. एकाच तिमाहीला चारने गुणू नका, कारण आपल्या ऊसपट्ट्यात कर्ज वाटलेल्या बँकेची थकबाकी हंगामाप्रमाणे वर-खाली होते. समजा नफा आला 1,200 कोटी आणि शेअर आहेत 40 कोटी. एका शेअरमागे 30 रुपये. भाव 210, म्हणजे पीई 7.

मी पूर्वी इथेच थांबायचो. असाच एक ‘स्वस्त’ शेअर घेतला आणि पुढच्या वर्षी नफाच आटला.

म्हणून निकालाच्या तक्त्यात ‘इतर उत्पन्न’ आणि ‘तरतुदी’ (बुडू शकणाऱ्या कर्जापोटी नफ्यातून बाजूला काढलेले पैसे) या ओळी बघा, खालच्या टिपाही वाचा. राइट-ऑफ केलेलं, म्हणजे बुडीत धरून हिशेबातून काढलेलं एखादं मोठं कर्ज यंदा वसूल होऊन, कर जाता 400 कोटी आले असतील, तर ते दरवर्षी येणार नाहीत. ते वगळले की नफा 800 कोटी, शेअरमागे 20 रुपये, पीई साडेदहा. भाडेकरूने मागची थकबाकी एकदम भरली आणि गाळा विकणारा तीही यंदाच्या भाड्यात धरून दाखवतोय, तसलाच हा प्रकार.

मग एनपीए, म्हणजे थकलेली कर्जं. साधारणपणे हप्ता 90 दिवसांवर थकला की कर्ज एनपीए होतं. पीककर्जाला दिवसांऐवजी हंगाम मोजतात. ढोबळ एनपीए 3,000 कोटी आणि त्यापोटी तरतूद 1,800 कोटी असेल, तर 1,200 कोटी उघडे राहिले. म्हणजे जाहीर केलेला वर्षाचा अख्खा नफा!

पुस्तकी मूल्यही जोडीला घ्या. नेटवर्थ, म्हणजे देणी वजा जाता भागधारकांचे उरणारे पैसे, 10,000 कोटी असेल तर शेअरमागे 250 रुपये. भाव 210, म्हणजे पुन्हा स्वस्त वाटेल. पण खरा नफा 800 कोटी धरला तर भांडवलावर जेमतेम 8 टक्के सुटतात. एवढ्या कमाईला बाजार पूर्ण 250 का मोजेल?

तुलना बड्या खासगी बँकांशी करू नका. त्याच आकाराच्या बँका आणि याच बँकेची मागची पाच वर्षं बघा. ते जुने आकडेही असेच सोलून घ्यावे लागतात, त्यात तासभर सहज जातो.